भाड्याचे घर आणि विजेचा मीटर : आधी पैसे की नंतर बिल?

दिल्लीतील मुखर्जीनगर असो वा पुण्यातील सदाशिव पेठ, परीक्षेच्या तयारीसाठी गाव सोडून आलेल्या विद्यार्थ्याची विजेच्या अर्थकारणाशी पहिली ओळख होते ती बहुधा घरमालकाच्या एका वहीतून. जिन्याखालच्या उपमीटरवरील आकडा महिनाअखेरीस त्या वहीत उतरविला जातो, ठरलेल्या दराने गुणाकार होतो आणि येणारी रक्कम भाड्यात मिळविली जाते. वितरण कंपनीचे मूळ बिल भाडेकरूच्या दृष्टीस पडतेच असे नाही. विजेच्या व्यवहारात तो प्रत्यक्ष वापर करणारा असतो, परंतु कागदोपत्री ग्राहक नसतो.

गेल्या काही वर्षांत या जुन्या दुखण्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. घरात मीटर कोणत्या पद्धतीचा असावा? आधी पैसे भरून मग वीज वापरण्याचा, म्हणजे प्रीपेड. की आधी वीज वापरून मग बिल भरण्याचा, म्हणजे पोस्टपेड? आणि प्रीपेड मीटर असलेल्या घरात राहावयास आलेल्या भाडेकरूस तो बदलून मागता येतो काय? प्रश्न घरगुती वाटतो. पण त्यात वीज कायदा, नियामक आयोगांचे अधिकार, वितरण कंपन्यांची आर्थिक स्थिती आणि भाडेकरूचे हक्क असे चार धागे गुंतलेले आहेत.

उधारी कोणाची, कोणाला?

पोस्टपेड पद्धतीत वितरण कंपनी ग्राहकाला उधारीवर वीज देते. महिनाभर वापर होतो, नंतर नोंद घेतली जाते, बिल निघते, ते भरण्यास मुदत मिळते आणि त्यानंतरही रक्कम न आल्यास नोटीस द्यावी लागते. वापराचा पहिला दिवस आणि वसुलीचा दिवस यांत सहज दोन महिने लोटतात. या काळात वीजनिर्मिती कंपनीचे देणे मात्र वितरण कंपनीला चुकते करावेच लागते. ही जोखीम झाकण्यासाठी ग्राहकाकडून सुरक्षा ठेव घेतली जाते. वीज कायदा, २००३ च्या कलम ४७ मध्ये या ठेवीची तरतूद असून तिच्यावर किमान बँक दराइतके व्याज देण्याचे बंधनही त्याच कलमात आहे.

प्रीपेडमध्ये उधारीची दिशा उलटते. येथे ग्राहक कंपनीला आगाऊ रक्कम देतो. म्हणूनच कलम ४७ (५) सांगते की, प्रीपेड मीटरद्वारे वीज घेण्यास तयार असलेल्या व्यक्तीकडून पुरवठ्याच्या देयकापोटी सुरक्षा ठेव मागता येणार नाही. अनेक राज्यांत नियामक आयोगांनी प्रीपेड ग्राहकांना दरात अल्पशी सवलतही दिली आहे.

या एका उपकलमावर आज मोठा वाद उभा आहे. ग्राहक संघटनांचे म्हणणे असे की, ‘तयार असल्यास’ या शब्दरचनेतच निवड अभिप्रेत आहे; ग्राहक तयार नसेल तर तो ठेव भरून पोस्टपेड घेऊ शकतो. दुसरीकडे, ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित झालेल्या वीज (ग्राहक हक्क) नियमांनी नवी जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरसह द्यावी, अपवाद करावयाचा झाल्यास आयोगाने कारणे नोंदवून मान्यता द्यावी, असे म्हटले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मीटरविषयक विनियमांतही २०१९ व २०२२ च्या दुरुस्त्यांनी प्रीपेड सुविधा असलेल्या स्मार्ट मीटरकडे जाण्याची दिशा ठरविली. मूळ कायदा संसदेचा. नियम व विनियम हे त्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून निर्माण झालेले. अशा दुय्यम विधिविधानाने मूळ कायद्यातील निवड काढून घेता येते काय, हा तो वाद. मूळ अधिनियमाशी विसंगत नियम टिकत नाही हे सर्वमान्य तत्त्व आहे. खरा प्रश्न विसंगती आहे की नाही हा आहे, आणि माझ्या मते कलम ४७ (५) चा साधा अर्थ ग्राहकाच्या बाजूने झुकतो.

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर आहे, हेही विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे. केंद्राने दिशा ठरवावी आणि राज्यांनी आपल्या गतीने, आपल्या राजकीय परिस्थितीनुसार चालावे, हे चित्र या विषयात स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत असे तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. त्यानंतर महावितरणने स्मार्ट मीटर बसविण्याचे काम पोस्टपेड बिलाच्या पद्धतीने पुढे नेले. बिहारने मात्र स्मार्ट प्रीपेड मीटरांच्या बाबतीत देशात आघाडी घेतली. मीटर स्मार्ट असणे आणि तो प्रीपेड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा महाराष्ट्राच्या उदाहरणातून चटकन समजतो. अनेकदा वृत्तपत्रांतून दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, ते चूक आहे.

केंद्राला प्रीपेडची घाई का?

३० जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित वितरण क्षेत्र योजनेला मान्यता दिली. तिचा एकूण आराखडा ३,०३,७५८ कोटी रुपयांचा, त्यात केंद्राचे अर्थसंकल्पीय साहाय्य ९७,६३१ कोटी रुपयांचे, आणि उद्दिष्ट सुमारे २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे. एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी देशपातळीवर १२ ते १५ टक्क्यांपर्यंत आणणे आणि विजेचा सरासरी पुरवठा खर्च व मिळणारा सरासरी महसूल यांतील तफावत शून्यावर आणणे, ही दोन लक्ष्ये २०२४-२५ पर्यंत गाठावयाची होती. वाणिज्यिक हानी म्हणजे चोरी, चुकीची नोंद, न निघालेली बिले आणि निघूनही वसूल न झालेली बिले. तारांमधून उष्णतेच्या रूपाने होणारी तांत्रिक हानी मीटर बदलून थांबत नाही. वसुली मात्र प्रीपेडने निश्चित सुधारते. थकबाकीच्या ओझ्याखाली वाकलेल्या वितरण कंपनीस प्रीपेड मीटर हवाहवासा का वाटतो, हे यावरून उमजते.

ब्रिटनमधील नाण्याचा मीटर

याबाबत सर्वांत दीर्घ अनुभव ब्रिटनचा आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाणे टाकून चालणारे गॅसचे मीटर आले आणि पुढे विजेचेही. कामगार वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांत शिलिंगचे नाणे मीटरच्या खाचेत टाकावे, तेवढा वेळ दिवा जळावा, ही पद्धत कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. नाण्यांची जागा पुढे टोकनांनी, मग दुकानातून पैसे भरून आणावयाच्या प्लास्टिकच्या किल्लीने आणि अलीकडे स्मार्ट मीटरने घेतली. अलीकडच्या वर्षांतही सुमारे ४० लाख कुटुंबे प्रीपेमेंट मीटरवर होती. त्यांत भाड्याने राहणाऱ्यांचे व अल्प उत्पन्न गटांचे प्रमाण अधिक.

तेथील नियम असा की, भाडेकरू वीजपुरवठादाराला थेट पैसे देत असेल तर पुरवठादार बदलण्याचा हक्क त्याचा. मीटरही प्रीपेमेंटवरून बिलाच्या पद्धतीवर, ज्याला तेथे क्रेडिट मीटर म्हणतात, बदलून मागता येतो. भाडेकरारात घरमालकाला कळविण्याची अट असू शकते आणि घर सोडताना मीटर पूर्ववत करून देण्याची जबाबदारीही भाडेकरूवर येऊ शकते. पुरवठादार जुनी थकबाकी फेडण्यास सांगतो, ग्राहकाची पत तपासतो, प्रसंगी अनामत मागतो. म्हणजे उधारीवर वीज हवी असेल तर उधारीस पात्र असल्याचे दाखवावे लागते. नव्याने राहावयास आलेल्यास तेथे एक सल्ला आवर्जून दिला जातो : आधीच्या रहिवाशाची किल्ली वापरू नये, कारण त्याचे कर्ज त्या किल्लीमार्फत तुमच्या पैशातून वळते होऊ शकते.

घरमालक स्वतः बिल भरून भाडेकरूकडून पैसे घेत असेल तर काय? त्यासाठी ब्रिटनच्या ऑफजेम या नियामक संस्थेचा ‘कमाल पुनर्विक्री दर’ १ जानेवारी २००३ पासून लागू आहे. घरमालकाने ज्या दराने वीज घेतली त्याहून अधिक दर त्याला भाडेकरूकडून घेता येत नाही. आपल्या २००३ च्या कायद्यात अशी सरळ, स्पष्ट मर्यादा नाही, आणि ही उणीव मला मीटरच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची वाटते.

ब्रिटनच्या अनुभवाची काळी बाजूही आहे. प्रीपेमेंट मीटरमधील पैसे संपले की वीज बंद होते. कोणी येऊन तोडत नाही, म्हणून आकडेवारीत तिची नोंद ‘तोडलेली जोडणी’ अशी होत नाही. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याऐवजी अंधारात बसलेले कुटुंब सरकारी तक्त्यात दिसत नाही. तेथे याला ‘स्वतःहून वीज तोडणे’ असे चमत्कारिक नाव आहे. जणू ती त्या कुटुंबाची इच्छाच. २०२२ मध्ये ऊर्जेचे दर भडकल्यावर थकबाकीदारांच्या घरी न्यायालयीन वॉरंट घेऊन सक्तीने असे मीटर बसविण्याचे प्रकार वाढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते वृत्तपत्रांतून उघड होताच न्यायालयांनी वॉरंट देणे थांबविले आणि नियामकाने सक्तीच्या बसवणुकीस विराम दिला. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नव्या नियमांनुसार सक्तीने मीटर बसविण्यापूर्वी ग्राहकाशी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न करावा लागतो. घरात आधाराविना राहणारे ७५ वर्षांवरील वृद्ध किंवा दोन वर्षांखालील बालक असल्यास सक्ती करताच येत नाही. प्रीपेमेंट ग्राहकांना पूर्वी अधिक दर पडत असे. तो भेदही जुलै २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मिटविण्यात आला.

आपल्याकडील पंधरा दिवस

आता याच प्रकाशात आपल्या कायद्याचे कलम ५६ पाहावे. बिल थकल्यास वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असे ते सांगते. नोटिशीचे हे संरक्षण गरिबाच्या दृष्टीने मोलाचे आहे. पगार लांबला, आजारपण आले, गावाकडून पैसे उशिरा आले, तर हाताशी पंधरा दिवस असतात. प्रीपेड मीटरमध्ये शिल्लक संपल्यावर पुरवठा आपोआप बंद होतो आणि नियमांच्या भाषेत ती जोडणी तोडणे ठरत नाही. पैसे भरताच वीज परत येते. म्हणजे नोटीस देण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. रात्री व सुटीच्या दिवशी पुरवठा बंद न करणे, थोडी उसनी शिल्लक देणे, अशा सवलती काही ठिकाणी ठेवण्यात आल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत; पण संसदेने दिलेल्या पंधरा दिवसांची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे. चार महिन्यांसाठी शहरात आलेल्या विद्यार्थ्याला वा बांधकाम मजुराला ठेव भरण्याची ऐपत नसते. त्याला प्रीपेड सोयीचे. रोजचा खर्च भ्रमणध्वनीवर दिसत असल्याने वापरावर लक्ष राहते. आधीच्या भाडेकरूने थकविलेल्या बिलापायी नव्या भाडेकरूचा दिवा विझण्याचा धोकाही, खाते स्वच्छ असेल तर, कमी होतो. दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी जी मीटर योजना जाहीर केली ती प्रीपेडचीच होती. भाडेकरार वा भाडेपावती दाखवून, घरमालकाच्या ना हरकत पत्राविना, तीन हजार रुपये अनामत भरून भाडेकरूला स्वतंत्र मीटर घेता येईल आणि २०० युनिटपर्यंतच्या वापरावरील सवलत थेट मिळेल, असे तिचे स्वरूप होते. प्रीपेड मीटर आणि तरीही अनामत, हे कलम ४७ (५) च्या वाचकाला थोडे खटकावे. परंतु योजनेमागील विचार रास्त होता. अनुदान घरमालकाच्या नावावरील जोडणीवर जमा होत असे आणि भाडेकरू मात्र पूर्ण दराने पैसे मोजत असे.

तीन खोल्या, एक मीटर

स्वतंत्र मीटरने किती फरक पडतो हे एका काल्पनिक दरपत्रकाने पाहू. समजा, पहिल्या १०० युनिटना दर ४ रुपये आणि त्यापुढे ८ रुपये आहे; स्थिर आकार बाजूला ठेवू. एका घरात तीन भाडेकरू, प्रत्येकाचा वापर ९० युनिट. एकाच मीटरवर एकूण २७० युनिट होतात : पहिल्या १०० चे ४०० रुपये, उरलेल्या १७० चे १,३६० रुपये, एकूण १,७६० रुपये. तिघांचे मीटर वेगळे असते तर प्रत्येकाचे ३६० रुपये, म्हणजे तिघांचे मिळून १,०८० रुपये झाले असते. कमी वापर करणाऱ्यास स्वस्त वीज, हे टप्पेनिहाय दररचनेचे तत्त्व. पण तीन गरीब एका मीटरवर आले की कागदावर ते एक श्रीमंत ग्राहक होतात. आणि घरमालकाने सरसकट १० रुपये दर लावला, तर तो २,७०० रुपये गोळा करतो. येथे मीटर प्रीपेड की पोस्टपेड हा प्रश्न दुय्यम ठरतो. मीटर कोणाच्या नावे, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर कायद्यात आहे. कलम ४३ नुसार वितरण कंपनीवर पुरवठ्याचे जे कर्तव्य आहे ते जागेच्या ‘मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या’ अर्जावर. भोगवटादार म्हणजे जागेचा प्रत्यक्ष ताबा असलेला, अर्थात भाडेकरूही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, वीज ही मूलभूत सुविधा असून घरमालक ना हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार जागेच्या ताब्यात आहे की नाही, एवढेच पुरवठादाराने पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ ने अत्यावश्यक सेवा तोडण्यास घरमालकाला मनाई केली आहे. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या कलम २० मध्येही तीच तरतूद आहे. मात्र तो कायदा नमुन्यादाखल असून राज्यांनी स्वीकारल्यावरच तेथे लागू होतो.

स्मार्ट मीटर प्रीपेड पद्धतीत घरमालकाच्या नावे असेल तर एक नवी अडचण संभवते. रिचार्ज कोणी करावयाचा? तो घरमालकाच्या हाती असेल, तर भाड्यावरून वाद होताच रिचार्ज न करणे हे दबावाचे सोपे साधन बनते. तार कापली नाही, फ्यूज काढला नाही, फक्त पैसे भरले नाहीत. कलम २९ किंवा कलम २० च्या दृष्टीने हे सेवा रोखणेच आहे असे माझे मत आहे. पण भाडेकराराच्या मसुद्यातच रिचार्ज कोणी करावा हे लिहिलेले बरे.

बदल प्रत्यक्षात कसा होतो?

जुन्या काळी प्रीपेडवरून पोस्टपेडवर जाणे म्हणजे भिंतीवरचा मीटरच बदलणे. कळफलकावर वीस अंकी संकेतांक दाबून रिचार्ज करावयाचे, दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या प्रणालीवरचे मीटर आजही अनेक देशांत आहेत. त्यांत शिल्लक मीटरच्या आतच मोजली जाते. आपल्याकडील स्मार्ट मीटरची गोष्ट निराळी. तो ठरावीक अंतराने वापराची नोंद केंद्रीय संगणक प्रणालीकडे पाठवितो आणि शिल्लक तेथे मोजली जाते. मीटरमध्ये असते ती दूरवरून उघडझाप करता येणारी कळ. त्यामुळे प्रीपेडचे पोस्टपेड करणे हा तांत्रिकदृष्ट्या केवळ नोंदीतील बदल आहे. माणूस पाठवावा लागत नाही, मीटर काढावा लागत नाही. ‘बदल शक्य नाही’ असे उत्तर मिळाल्यास ते यंत्राचे नसून धोरणाचे आहे, हे ओळखावे.

ज्या राज्यात हा पर्याय खुला आहे तेथे अर्ज नोंदणीकृत ग्राहकाच्या नावे करावा लागतो. म्हणून भाडेकरूने एक तर स्वतःच्या नावे जोडणी घ्यावी, नाही तर घरमालकाची स्वाक्षरी घ्यावी. पोस्टपेडवर जाताना सुरक्षा ठेव पुन्हा भरावी लागते. ती खात्यावर जमा होते, भाडेकरूच्या खिशात परत येत नाही. तेव्हा घरमालकाच्या नावच्या खात्यात भाडेकरूने ठेव भरली असेल तर तिची लेखी पोच घ्यावी. प्रीपेडमधील उरलेल्या शिलकीचेही तेच. अर्ज नाकारला गेल्यास वा विनाउत्तर पडून राहिल्यास कलम ४२ (५) खालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास कलम ४२ (६) खालील विद्युत लोकपालाकडे जाता येते. ग्राहक हक्क नियमांनी गाऱ्हाण्याच्या निराकरणासाठी कमाल ४५ दिवसांची मर्यादा घालून दिली आहे.

खोली ताब्यात घेताना मीटरवरील आकड्याचे तारखेसह छायाचित्र काढून घरमालकास पाठवावे, आणि प्रीपेड असल्यास त्या दिवशीची शिल्लक व जुनी थकबाकी दोन्ही लिहून घ्यावी. थकबाकी खात्यावर असेल तर नव्या रिचार्जमधून ती वळती होण्याचा धोका असतो आणि पाचशे रुपये भरूनही वीज दोनच दिवस टिकते. खोली सोडताना हाच विधी उलट क्रमाने करावा. जोडणी स्वतःच्या नावे असेल तर नाव काढून टाकण्याचा अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या रहिवाशाचे बिल आपल्या नावे निघणार नाही.